पहिला खेळ, सकाळी अकराचा

1911 च्या ईस्टरच्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरे चालताना पाहून आलेल्या त्या मुलाने घरी येताच आईला सारे सांगितले. घरातील कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या कुटुंबाला घेऊन पुन्हा तेथे गेले. सणामुळे त्या दिवशी जनावरांऐवजी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहताना आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, असे फाळक्यांना वाटले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि त्यात रोहिदासाची भूमिका करणारा मुलगा हाच भालचंद्र होता. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत मुलाला चित्रपट दाखवायला नेणारा एक बाप आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

आपल्या व्यापारी घरांत मुलाचा पहिला चित्रपट बहुधा असा ठरवून होत नाही. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला, दिवाळीनंतरच्या निवांत दिवसांत किंवा लग्नघरी पाहुणे जमले असताना बारा-चौदा जणांचा बेत ठरतो. काका अख्खी रांग नोंदवतात आणि लहानग्याला घरी कोणाजवळ ठेवावे हा प्रश्न सुटत नाही म्हणून त्यालाही कडेवर घेतले जाते. चित्रपट मोठ्यांच्या आवडीचा, खेळ रात्री नऊचा, आणि मूल तीन वर्षांचे. ते रडले तर आई त्याला घेऊन बाहेर फेऱ्या मारते, झोपले तर ‘किती शहाणे आहे’ म्हणून कौतुक होते. या प्रसंगाला मुलाचा पहिला चित्रपट म्हणावा, असे मला वाटत नाही. ती मोठ्यांची सोय असते, मूल तिच्यात सामानासारखे असते. पहिला चित्रपट खऱ्या अर्थाने मुलाचा व्हायचा असेल, तर तो त्याच्यासाठी निवडलेला असावा आणि त्याच्याबरोबर एक किंवा फार तर दोनच मोठी माणसे असावीत.

वयाबद्दल मतभेद असू शकतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2021 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात तो दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावा. सर्वसाधारण हिंदी चित्रपट अडीच तासांचा असतो, मुलांचे चित्रपटही दीड तासाच्या आत क्वचितच आटपतात. हिशेब सरळ आहे. पाचव्या वर्षापूर्वी घाई करण्याचे कारण नाही. कडेवरच्या मुलाला नेणारे आईबाप स्वतःच्या करमणुकीसाठी जातात. त्यात गैर काही नाही, पण मग त्याचे श्रेय मुलाच्या हौसेला देऊ नये.

चित्रपट निवडताना प्रमाणपत्र पाहण्याची सवय आपल्याकडे जवळजवळ नाही. मालाच्या पेटीवरचा शिक्का तपासल्याशिवाय माल न उचलणारी आपण माणसे, पण पडद्यावर पहिल्यांदा झळकणाऱ्या त्या कागदाकडे पाहत नाही. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मधल्या ‘यूए’ या वर्गाचे 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर तीन भाग झाले आहेत: सात वर्षांपुढील, तेरा वर्षांपुढील आणि सोळा वर्षांपुढील. ‘ए’ चित्रपटाला अल्पवयीनांना दारातच अडवले जाते, या तीन वर्गांत मात्र तसे नसते. तेथील आकडा हा पालकांना दिलेला इशारा असतो आणि निर्णय पालकांवर सोडलेला असतो. सोळाच्या शिक्क्याखाली पाच वर्षांचे मूल बसलेले दिसले, तर ते कोणाच्या निर्णयाने तेथे आले आहे, हे उघड आहे.

आणखी एक खूण सांगण्याजोगी आहे. चित्रपटात कोणी धूम्रपान वा तंबाखूसेवन करत असेल, तर 2012 पासून आरंभी आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवणे बंधनकारक आहे. कर्करोगाने विद्रूप झालेली तोंडे त्या फितीत इतक्या जवळून दाखवलेली असतात की मोठी माणसेही नजर वळवतात. गुटख्याच्या विरोधात ती योग्यच आहे. परंतु पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील मोठ्या पडद्यावरचे पहिले दृश्य ते असू नये. जो चित्रपट या फितीने सुरू होतो, त्यात पुढे काय आहे हेही कळून चुकते.

आता भीतीविषयी. ‘मुलांना भीतीदायक काही दाखवू नये’ असे आपण सहज म्हणतो, पण आपल्या स्वतःच्या कथा तशा कोठे आहेत? पाठशाळेत पाच वर्षांचे मूल चंडकौशिकाची कथा ऐकते. त्यात विषारी सर्प भगवान महावीरांना दंश करतो. गजसुकुमाल मुनींच्या मस्तकावर धगधगते निखारे ठेवले जातात. मेघकुमाराच्या पूर्वभवाच्या कथेत तर सारे अरण्य पेटलेले असते, भयभीत प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीने उभे असतात आणि अंग खाजवायला उचललेल्या पायाखाली ससा येऊन बसला म्हणून हत्ती अडीच दिवस तो पाय अधांतरी धरून ठेवतो. या कथा सौम्य नाहीत. पण त्या आजीच्या मांडीवर बसून ऐकल्या जातात. मुलाचे डोळे विस्फारलेले दिसले की आजी आवाज उतरवते, वणव्यावरून चटकन सशावर येते, एखाद्या रात्री निखाऱ्यांचा प्रसंग गाळूनही टाकते. सांगणाऱ्याची नजर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. पडद्याला डोळे नसतात. पहिल्या रांगेतील मूल थरथरत असले, तरी वणवा तितकाच पेटतो आणि तितक्याच आवाजात पेटतो. ती आजीची नजर चित्रपटगृहात पालकाला आपल्याबरोबर न्यावी लागते.

2016 च्या एप्रिलमध्ये ‘द जंगल बुक’ भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा प्रमाणन मंडळाने त्याला ‘यू’ न देता ‘यूए’ दिले. त्रिमितीत अंगावर येणारी जनावरे लहान मुलांना घाबरवतील, हे त्यामागचे कारण. मुलांच्या चित्रपटाला असा शिक्का का, म्हणून तेव्हा बरीच थट्टा झाली. माझी नात त्या वेळी साडेपाच वर्षांची होती. आम्ही त्रिमितीचा खेळ टाळून साध्या पडद्यावरचा, हिंदीतला, सकाळचा खेळ निवडला. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो आवाज आला की ती माझा दंड घट्ट धरी, पण नजर हटवत नसे. शेवटी मोगलीच्या हातातील मशालीने जंगल पेटले, तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली आणि ‘दादा, बाहेर’ एवढेच म्हणाली. आम्ही बाहेर आलो. दिवाणखान्यासारख्या त्या मोकळ्या जागेत बाकावर बसून ती पाणी प्यायली. थोड्या वेळाने आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. तिने विचारले, ‘काय झालं?’ दारावरचा माणूस हसून म्हणाला, ‘वाघ आगीत पडला.’ ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, ‘मग टाळ्या कशाला?’

मी उत्तर दिले नाही. तिला उत्तर लगेच हवेही नव्हते, कारण तिच्या मनात दुसराच प्रश्न चालू होता. ‘आग लागली, तर हत्ती कुठे आहे?’ मेघकुमाराचा हत्ती तिला आठवला होता. तो प्रत्येक वणव्यात असतोच, अशी तिची समजूत. ‘चल, बघू या’ म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो आणि पाहतो तो पडद्यावर हत्ती नदीचा प्रवाह वळवून जंगल विझवत होते. चित्रपटाच्या कर्त्यांनी आपली ज्ञाताधर्मकथा वाचली असण्याची शक्यता नाही. पण त्या मुलीला त्यात नवल वाटण्याजोगे काहीच दिसले नाही.

टाळ्यांचा तो प्रश्न मात्र आपल्यासाठी गंभीर आहे. आपल्या शास्त्रात पाप तीन वाटांनी लागते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि कोणी केल्याबद्दल आनंद मानणे, म्हणजे अनुमोदना. पडद्यावरील वाघ खरा नाही, तो संगणकाने रंगवलेला आहे, हे मोठ्यांना ठाऊक असते. आणि चित्रीकरणात खरा प्राणी वापरायचा असेल, तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची अनुमती लागते. आरंभीच्या त्या सूचनेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आपल्या मुलांना ती आवर्जून वाचून दाखवावी. प्राणी वाचतो, हे खरे. पण टाळी खरी असते. वाघाच्या पडण्यावर वाजलेली टाळी मुलाच्या शेजारी बसलेल्या बापाच्या हातातून आली, तर मूल पडद्यापेक्षा त्या हातांकडून अधिक शिकते. खलनायकाला तुडवले जात असताना आपण हसतो की गप्प राहतो, हे अंधारातही मुलांना कळते. मुलाच्या शेजारी बसून चित्रपट पाहणे हे मोठ्यांच्याच संयमाचे काम आहे, असे माझे मत त्या दिवसापासून झाले.

याच संदर्भात 2003 चा ‘फाइंडिंग निमो’ मला उल्लेखनीय वाटतो. त्याचा प्रारंभ कठोर आहे. एक मोठा मासा निमोच्या आईला आणि तिच्या जवळपास सगळ्या अंड्यांना गिळतो, म्हणून अगदी लहानग्यांना तो पहिला म्हणून दाखवू नये. पण पुढे त्यात शार्क माशांची एक सभा भरते आणि त्या सभेत मासे न खाण्याचा नियम सर्व जण एकमेकांसमोर उच्चारतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पच्चक्खाण घेतलेले शार्क! नंतर रक्ताचा थेंब पाण्यात पसरतो, त्याचा वास येतो आणि प्रमुखाचेच व्रत ढळते. व्याख्यानात यावा असा हा दृष्टांत. थोड्या मोठ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलांशी यावर तासभर बोलता येते. मराठीत परेश मोकाशी यांचा 2014 चा ‘एलिझाबेथ एकादशी’ आपल्या घरांतील मुलांना जवळचा वाटेल. आवडती सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपुरातील भावंडे यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. गल्ला, उधारी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये वाढणाऱ्या मुलाला त्या दुकानातील धाकधूक समजावून सांगावी लागत नाही.

वेळेबद्दल माझा आग्रह सकाळी अकराच्या खेळाचा आहे. मूल ताजेतवाने असते, गर्दी विरळ असते आणि तिकीटही पुष्कळ ठिकाणी स्वस्त असते. आपल्या घरांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौविहार सांभाळला जातो. संध्याकाळचा खेळ सूर्यास्ताच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपतो. मग घरातील कोणाचा नियम मोडतो किंवा कोणी उपाशी राहते, आणि मुलाच्या मनात चित्रपट आणि घरातील कुरबुर यांची गाठ पडते. अकराचा खेळ दोनपर्यंत सुटतो, घरी येऊन सावकाश जेवता येते.

खाण्याचा प्रश्न प्रत्येक जैन कुटुंबाला पडतो. समोशात बटाटा असतो, बर्गरमध्ये कांदा, चीजमध्ये काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. साधा मिठाचा पॉपकॉर्न तेवढा उरतो, आणि त्याचीही किंमत ऐकून व्यापाऱ्याचे काळीज हलते. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास चित्रपटगृहाचा मालक मनाई करू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी दिला. त्याच निर्णयात दोन गोष्टी नोंदल्या आहेत, त्या लक्षात ठेवाव्यात. पिण्याचे स्वच्छ पाणी प्रेक्षकांना विनामूल्य मिळाले पाहिजे, आणि पालकांबरोबर तान्हे बाळ असेल तर त्याच्यापुरते अन्न नेण्यास हरकत घेऊ नये. पाच वर्षांचे मूल तान्हे म्हणता येत नाही, तेव्हा डब्यावरून दारात वाद घालण्यापेक्षा घरून पोटभर खाऊन निघावे. घरी उकळलेलेच पाणी पिण्याचा परिपाठ असेल, तर बाटलीविषयी दारावर आधी नम्रपणे विचारावे. बहुतेक वेळा मुलाकडे पाहून सोडतात.

आवाजाकडे पालकांचे सर्वांत कमी लक्ष असते. चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणा बसवताना प्रत्येक वाहिनीची पातळी सामान्यतः 85 डेसिबलवर जुळवतात, आणि कल्लोळाच्या क्षणी आवाज 100 डेसिबलच्या पुढेही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा आठवड्याला 40 तास या हिशेबाने 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने सलग 85 डेसिबल आवाज असेल, तर आठवड्याचा सारा कोटा चार तासांत संपतो. चित्रपट अखंड तेवढा मोठा नसतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण मुलांसाठी कानावर बसणारे आवाजरोधक मिळतात, ते पिशवीत असावेत. निदान आपले दोन तळहात तयार असावेत. भीती वाटली तर मुलाला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

बसण्याची जागा मागच्या भागातली आणि वाटेच्या कडेची घ्यावी. चित्रपटगृहाची घडी होणारी खुर्ची ही मुलांची जुनी वैरीण आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या वजनाने ती धड खाली राहत नाही आणि मूल पाय वर करून तिच्या घडीत अडकते. काही चित्रपटगृहांत वर ठेवण्याची उंच गादी मिळते, न मिळाल्यास घरची शाल चौपट घडी करून पुरते, आणि वातानुकूलनाची थंडी वाजली की तीच पांघरता येते. दिवे चालू असतानाच आत जाऊन बसावे. अंधार हळूहळू उतरताना मुलाने पाहिला, तर तो त्याला ओळखीचा होतो. एकदम अंधारात शिरणाऱ्या मुलाला पुढे पायऱ्या आहेत, एवढेच दिसते.

मुलाने मध्येच ‘घरी जाऊ’ म्हटले तर? येथे आपला व्यापारी स्वभाव आडवा येतो. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून मुलाला दटावून, चॉकलेट देऊन, ‘आता संपेलच’ म्हणून बसवून ठेवले जाते. वास्तविक पडत्या भावात माल धरून ठेवण्याचा हा प्रकार आहे. बाजारात तोटा वेळीच स्वीकारणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. गेलेले पैसे तर दोन्ही बाजूंनी गेलेलेच असतात. उरलेला तास रडण्यात काढलेले मूल पुढच्या वेळी चित्रपटगृहाच्या दारातच मागे फिरते. बाहेर काढलेले मूल दहा मिनिटांत पुष्कळदा आपण होऊन परत आत जायला निघते. तसे नच निघाले, तर घरी जावे.

इतका खटाटोप कशासाठी, घरी मोठा टीव्ही आहे, मोबाइल आहे, असे कोणी विचारील. मोबाइलवर वाढलेले मूल चित्रपटगृहात पहिल्यांदा ‘थांबवा ना’ म्हणते. पाणी पिऊन येईपर्यंत गोष्ट थांबावी, जाहिरात पुढे ढकलावी, आवडलेला भाग पुन्हा लावावा, ही त्याची रोजची सवय. येथे गोष्ट कोणासाठीही थांबत नाही. दोनशे अनोळखी माणसे एकाच वेळी हसतात आणि त्यात आपलेही हसू मिसळते, हा अनुभव घरच्या पडद्यावर मिळत नाही. महाराष्ट्रात 2003 पासून चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत लावण्याची प्रथा आहे. आजोबांपासून दारावरच्या माणसापर्यंत सगळे एकदम उठून उभे राहतात, तेव्हा मूल इकडेतिकडे पाहते आणि तेही हात खाली सोडून ताठ उभे राहते.

घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध असेल, तर त्याला टवाळीने उत्तर देऊ नये. पुष्कळ घरांत आजीने चातुर्मासापुरता, काहींनी तर जन्मभरासाठी, नाटक-सिनेमा सोडलेला असतो. तो तिचा नियम आहे आणि मुलाला तो तसाच सांगावा: आजी येत नाही, कारण तिने ठरवले आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणाच्या दिवसांत हा बेत आखूच नये. चित्रपट पुढच्या आठवड्यातही असतो, नसला तर दुसरा असतो. आणि आजीला न सांगता, ‘बागेत जातो’ म्हणून मुलाला नेणे तर सर्वथा टाळावे. पाच वर्षांचे मूल चित्रपट विसरेल, पण बागेचे नाव सांगून आपण कोठे गेलो होतो, हे विसरणार नाही.

परत आल्यावर मूल गोष्ट सांगायला सर्वांत आधी त्या न आलेल्या आजीकडेच जाते. तिने पाहिलेले नसते, म्हणून तीच खरी श्रोती. सांगताना वणवा आधी येतो आणि मोगली नंतर, हत्ती कोणत्या कथेतला हे स्पष्ट होत नाही, वाघ कधी मरतो तर कधी पळून जातो. भीतीचा भाग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंथरुणात, प्रश्न होऊन येतो. त्यासाठी दोन-चार रात्री मुलाला जवळ घेऊन झोपावे लागले, तर तसे करावे. पण त्या पहिल्या संध्याकाळी, चौविहारापूर्वीच्या जेवणाला, गोष्ट त्याची असते. ती संपेपर्यंत कोणी मोबाइल हातात घेऊ नये, आणि प्रसंगांचा क्रम चुकला तरी दुरुस्त करू नये.